‘आवाज खराब येतोय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

जुन्या कॅसेटमधलं ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवताना लोक मदत मागतात ती बहुतेक वेळा एवढ्याच शब्दांत: आवाज खराब येतोय. यावर कुणालाही उत्तर देता येत नाही. आवाज दबका येतो, हेलकावे खातो, थरथरतो, मध्येच बुडतो, फाटतो, त्याच्या मागे घूं किंवा सूं ऐकू येते, खरखर येते. हे सगळे वेगवेगळे दोष आहेत, त्यांची कारणं यंत्राच्या वेगवेगळ्या भागांत असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. दोषाचं नाव बरोबर ठेवता आलं की स्क्रूड्रायव्हर कुठे लावायचा ते जवळजवळ ठरूनच जातं. म्हणून हे शब्द आणि त्यांच्यामागची कारणं इथे एकत्र लिहीत आहे.

आधी यंत्राची ओळख. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली. तिच्यातली फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. या रुंदीत चार ट्रॅक बसवलेले असतात: एका बाजूचे डावा-उजवा असे दोन, उलटवल्यावर दुसऱ्या बाजूचे दोन. स्टिरिओचा एक ट्रॅक सुमारे ०.६ मिलिमीटरचा. मोनो ट्रॅक सुमारे दीड मिलिमीटरचा असतो आणि स्टिरिओच्या दोन्ही ट्रॅकची जागा व्यापतो, त्यामुळे मोनो कॅसेट स्टिरिओ डेकवर सहज वाजते. यंत्रात फीत आधी इरेज हेडवरून (पुसणारं हेड) जाते, मग प्ले हेडवरून (फितीवरचा आवाज उचलणारं हेड), आणि पुढे कॅपस्टन व पिंच रोलर यांच्या चिमटीतून. कॅपस्टन म्हणजे सतत फिरणारी बारीक पोलादी दांडी आणि पिंच रोलर म्हणजे तिच्यावर फीत दाबून धरणारं रबरी चाक. फितीचा वेग कॅपस्टन ठरवतो. रिळांचं काम फक्त फीत सोडणं आणि गुंडाळून घेणं. कॅसेटच्या आत, हेडच्या समोर, स्प्रिंगच्या पट्टीवर नमद्याची एक छोटी गादी असते. तिला प्रेशर पॅड म्हणतात. ती विसरू नका, पुढे लागणार आहे.

काहीही वाजवण्याआधी रेकॉर्डिंगपासून संरक्षण देणारे प्लॅस्टिकचे छोटे कान तोडलेले आहेत का ते पाहा. वाजवायची बाजू तुमच्याकडे आणि फितीची उघडी कड खाली धरली, तर त्या बाजूचा कान वरच्या काठावर डावीकडे असतो. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर पुसलेलं परत येत नाही, म्हणून जपून ठेवायच्या कॅसेटचे दोन्ही कान तोडावेत.

दबका आवाज

सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा हाताळला जाणारा दोष हाच. बोलणं उशीखालून आल्यासारखं वाटतं, ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते, झांजेचा नुसता धपका ऐकू येतो. लोक लगेच संगणकात ट्रेबल वाढवतात. त्याने फितीची सूं वाढते आणि हरवलेली धार हरवलेलीच राहते, कारण हेडने ती उचललेलीच नसते.

पहिलं कारण मळ. फितीवरच्या ऑक्साइडचा तपकिरी थर हेडवर चढतो आणि फीत हेडपासून किंचित उचलली जाते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्के असेल तर उत्तम. सुगंध किंवा तेल मिसळलेलं चालणार नाही. कापसाची काडी ओली करून हेडचा चकचकीत भाग पुसा, काडीवर तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. मग कॅपस्टन, आणि शेवटी पिंच रोलर. रोलरवर अल्कोहोल कमी वापरा, रबर कोरडं पडतं. तिथे सौम्य साबणाचं पाणीही पुरतं. सगळं वाळायला पाच-दहा मिनिटं द्या. झडणारी जुनी फीत असेल तर प्रत्येक बाजूनंतर हेड पुसावं लागतं.

दुसरं कारण प्रेशर पॅड. त्याचा गोंद वर्षांनंतर सुकतो आणि गादी कॅसेटमध्येच गळून पडते. मग फीत हेडवर नीट टेकत नाही, आवाज दबका होतो आणि शिवाय सारखा वर-खाली होत राहतो. गादी नव्याने चिकटवता येते, पण पट्टीसकट दुसऱ्या कॅसेटमधली काढून बसवणं सोपं पडतं.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं कारण म्हणजे अ‍ॅझिमथ. हेडच्या तोंडावर एक अतिसूक्ष्म उभी फट असते आणि ती फितीच्या सरकण्याच्या दिशेला अचूक ९० अंशांत हवी. हा कोन किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहा. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाला १० किलोहर्ट्झच्या आवाजाची फितीवरची एक लहर फक्त ४.७६ मायक्रॉन लांब असते. ट्रॅकची रुंदी ०.६ मिलिमीटर धरली, तर फट साधारण अर्धा अंश कलली की ट्रॅकच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोबर एका लहरीचा फरक पडतो आणि १० किलोहर्ट्झचा आवाज स्वतःलाच खोडून टाकतो. रुंद मोनो ट्रॅक मोनो हेडवर वाजवताना तर याच्या निम्म्याहूनही कमी कलाने तेच होतं.

यात मेख अशी की तुमचा डेक अगदी बरोबर असला तरी उपयोग होईलच असं नाही. ज्या यंत्रावर मूळ ध्वनिमुद्रण झालं त्याचं हेड तिरकं असेल, तर तुमचं हेडही तितकंच तिरकं करायला हवं. घरगुती रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटबाबत हे नेहमीचंच आहे. म्हणून अ‍ॅझिमथ प्रत्येक कॅसेटसाठी, आणि शक्य तर प्रत्येक बाजूसाठी, कानाने लावावा.

रीत अशी. हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू असतो. ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो बहुधा अ‍ॅझिमथचा, आणि त्यावर अनेकदा रंगाचा थेंब लावलेला असतो. ऑटोरिव्हर्स डेकमध्ये दोन दिशांसाठी दोन स्क्रू असतात. स्क्रूची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा. कॅसेट लावा, आवाज मोनो करून हेडफोनवर ऐका. मोनो करण्याचं कारण असं की दोन्ही ट्रॅकमधला वेळेचा किंचित फरकही बेरीज केल्यावर लगेच कानाला लागतो. आता स्क्रू अगदी सावकाश, एका वेळी वेढ्याच्या विसाव्या भागाइतका फिरवा. एका दिशेला आवाज बंद होत जाईल, दुसऱ्या दिशेला उघडत जाईल आणि एका ठिकाणाहून पुढे पुन्हा बंद व्हायला लागेल. त्या शिखरावर थांबा. दोन्ही दिशांना पाव वेढ्यापलीकडे जाण्याची वेळ सहसा येत नाही. आली तर तुम्ही चुकीचा स्क्रू फिरवत आहात. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसावा, हेडला त्याचं चुंबकत्व लागतं. काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणा.

हे झाल्यावरच डॉल्बीकडे वळा. १९६८ साली आलेली डॉल्बी बी पद्धत ध्वनिमुद्रण करताना वरच्या पट्टीतले हळू आवाज उचलते आणि वाजवताना तेवढेच खाली आणते, त्याबरोबर फितीची सूं सुमारे १० डेसिबलने खाली जाते. डॉल्बीने भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर आवाज नको इतका चरचरीत आणि सूंयुक्त येतो. डॉल्बीशिवाय भरलेली डॉल्बी लावून वाजवली तर दबका येतो. किती खाली आणायचं ते सर्किट येणाऱ्या आवाजाच्या पातळीवरून ठरवतं. अ‍ॅझिमथ चुकल्यामुळे वरची पट्टी आधीच क्षीण झालेली असेल, तर डॉल्बी तिला आणखी दाबते. म्हणून आधी अ‍ॅझिमथ, मग डॉल्बी. कॅसेट कशी भरली आहे याची खात्री नसेल तर डॉल्बी बंद ठेवून उतरवा.

टेपच्या प्रकाराचं बटणही तपासा. साध्या, टाइप एक फितीला १२० मायक्रोसेकंद आणि क्रोम किंवा मेटल फितीला ७० मायक्रोसेकंद असं इक्वलायझेशन, म्हणजे वरच्या आणि खालच्या पट्टीचा समतोल, लागतं. चुकीचं निवडलं तर वरच्या पट्टीत साडेचार डेसिबलच्या आसपास फरक पडतो. बरेच डेक कॅसेटच्या पाठीवरच्या खाचा पाहून हे आपोआप निवडतात.

हेलकावे आणि थरथर

लांब धरलेला सूर ऐका: बासरी, व्हायोलिन, पियानोचा विरत जाणारा स्वर. सूर सावकाश वर-खाली होत असेल, सेकंदाला एक-दोनदा किंवा त्याहूनही संथ, तर तो हेलकावा. त्याला वॉव म्हणतात. सूर भरभर कापत असेल, कडा खरबरीत झाल्यासारख्या वाटत असतील, तर ती थरथर, म्हणजे फ्लटर. हेलकाव्याची कारणं मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या भागांत शोधावीत: सैल पडलेला बेल्ट, कडक किंवा चपटा झालेला पिंच रोलर, कॅसेटमध्ये घट्ट अडकणारी रिळं. थरथरीची कारणं भरभर फिरणाऱ्या भागांत: मळलेला कॅपस्टन, मोटर, सुकलेलं बेअरिंग.

रबरी बेल्ट जुना झाला की सैलावतो, कधी विरघळून डांबरासारखा चिकट होतो. तो चिकटा अल्कोहोलने पूर्ण पुसून काढल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नये. नव्याचं माप जुन्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुलींभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि तिच्याहून पाच-सहा टक्के लहान बेल्ट घ्या.

दोष कॅसेटच्या कवचात आहे का ते कळायला तीच कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. घट्ट-सैल बसलेले वेढे सारखे होतात आणि बऱ्याच वेळा तेवढ्यानेच काम भागतं. नाहीच भागलं तर पाच स्क्रूंचं नवं रिकामं कवच घेऊन फीत रिळांसकट त्यात हलवा. उघडण्याआधी फीत कोणत्या बाजूने कोणत्या चाकावरून जाते त्याचा फोटो काढा. आतले दोन पातळ सरकपत्रे जागच्या जागी बसवायला विसरलात तर हेलकावा आणखी वाढतो.

सूर डळमळत नसेल पण संपूर्ण ध्वनिमुद्रणच चढं किंवा उतरं असेल, तर वेगच चुकला आहे. १ टक्का चूक म्हणजे सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), ६ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण अर्धस्वर. ३० मिनिटांची बाजू २ टक्के जलद वाजली तर सुमारे ३५ सेकंद आधी संपते. डेकचा वेग तपासायला ३१५० किंवा ३००० हर्ट्झचा स्वर भरलेली चाचणी कॅसेट मिळते, आणि दुरुस्ती मोटरच्या पाठीवरच्या छोट्या छिद्रातल्या स्क्रूने होते. मात्र बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटमध्ये वेगळीच गोष्ट असते. बॅटरी उतरत गेली तसा भरण्याचा वेग मंदावत गेलेला असतो, म्हणून वाजवताना बाजूच्या शेवटाकडे माणसं अधिकाधिक बारीक आवाजात आणि घाईने बोलू लागतात. इथे डेकचा वेग बदलून काही होत नाही. उतरवून घेतल्यावर संगणकात हळूहळू बदलत जाणारी दुरुस्ती करावी लागते.

घूं, सूं आणि खरखर

घूं असा सलग, खालच्या पट्टीतला आवाज म्हणजे हम. तो विजेच्या वारंवारितेचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा, आणि तिच्या पटींचा असतो. सूं म्हणजे हिस. दोन्हींसाठी एकच चाचणी पुरते: फीत थांबवा आणि ऐका. थांबवल्यावरही आवाज येत असेल तर तो तुमच्या जोडणीतला. फीत सरकतानाच येत असेल तर तो फितीवर भरलेला. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी न करता लोक तासन् तास तारा बदलत बसतात.

जोडणीतली घूं बहुधा ग्राउंड लूपची असते, म्हणजे जोडलेल्या दोन यंत्रांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्यामुळे येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गेली तर कारण सापडलं. मग डेक आणि संगणक एकाच विस्तारपट्टीवर लावा. विजेची अर्थिंगची पिन कापू नका, ती जीव वाचवण्यासाठी आहे. आवाजाचं बटण फिरवताना येणारी खरखर म्हणजे आतल्या पोटेन्शिओमीटरमधली धूळ. डेक बंद करून, प्लग काढून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पंधरा-वीस वेळा फिरवणं एवढं पुरतं.

शब्द सुरू होण्याच्या किंचित आधी तोच शब्द पुसट ऐकू येतो, त्याला प्रिंट-थ्रू म्हणतात. गुंडाळलेल्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटलेलं असतं. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत ९ मायक्रॉनच्या आसपास, ६० मिनिटांचीच्या जवळजवळ निम्मी पातळ असते, म्हणून तिच्यात हे जास्त. वाजवण्याआधी दोन-तीनदा पुढे-मागे गुंडाळलं की थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही.

कॅसेटऐवजी तबकडी, म्हणजे ग्रामोफोन रेकॉर्ड, उतरवत असाल तर टिकटिक मोजून पाहावी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर ती दर १.८ सेकंदांनी येत असेल, ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर दर १.३३ सेकंदांनी, ७८ च्या तबकडीवर दर ०.७७ सेकंदांनी, तर तो ओरखडा. अनियमित असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. आवाज पातळ, खर्ज नसलेला आणि क्षीण येत असेल तर टर्नटेबल साध्या लाइन इनपुटला जोडलं आहे, त्याला फोनो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट, लागतो. उलट आवाज गडगडून फुटत असेल तर टर्नटेबलमध्ये प्रीअ‍ॅम्प आहेच आणि तुम्ही तो पुन्हा फोनो इनपुटला दिला आहे. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची सुई त्यात तळाशी घसरत जाते आणि नुसती खसखस ऐकवते. तिच्यासाठी वेगळी जाड सुई घ्यावीच लागते.

फाटलेला आवाज

जोरकस जागी आवाज चिरफाळतो. ही चूक उतरवून घेतानाची असेल तर पूर्णपणे टाळता येण्यासारखी असते, आणि झाल्यावर मात्र दुरुस्त होत नाही. संगणकात ० डीबीएफएस हे छत आहे, त्याच्यावर काहीच मावत नाही. लहरीचे माथे तिथे सपाट कापले जातात.

डेकच्या लाइन आउटमधून तार काढून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणारी पेटी) लाइन इनपुटला द्या. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात देऊ नका. ते काही मिलिव्होल्टसाठी बनवलेलं असतं आणि घरगुती लाइन आउट साधारण ०.३ व्होल्ट किंवा जास्त देतो. लाइन आउट नसलेल्या छोट्या प्लेअरमधून हेडफोनच्या छिद्रातून घ्यावं लागलं, तर प्लेअरचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा आणि टोन किंवा बासची बटणं बंद करा.

कॅसेटमधला सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग शोधून तिथे पातळी लावा, माथे उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या दरम्यान राहतील अशी. ‘थोडी वर ठेवली तर चांगलं’ हा विचार फितीच्या काळातला आहे. तेव्हा सूंच्या वर राहण्यासाठी तसं करावं लागे. २४ बिटमध्ये प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबल देतो, आणि डॉल्बी नसलेल्या कॅसेटचा स्वतःचा पल्ला (सूंपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर) ५०-५५ डेसिबलचा. म्हणजे १२ डेसिबल जागा मोकळी सोडली तरी गमावलं काहीच जात नाही.

लहरीचं चित्र मोठं करून पाहिलं की फाटणं कुठे झालं ते समजतं. माथे ० वर सपाट असतील तर संगणकाच्या पातळीत चूक आहे. ० च्या बरंच खाली असूनही सपाट असतील तर त्याआधीच, इंटरफेसच्या इनपुटवर किंवा प्लेअरमध्ये, आवाज कापला गेला आहे. अशा वेळी सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली ओढून उपयोग नाही, इनपुटचं बटण कमी करा. माथे गोलसर दबलेले असतील तर फीत भरतानाच जास्त जोरात भरली आहे, आणि ते तसंच घ्यावं लागेल. ऑपरेटिंग सिस्टिममधली आपोआप पातळी राखणारी आणि गोंगाट दाबणारी सोय आधी बंद करा. नाहीतर प्रत्येक शांत जागेत सूं उसळून वर येते.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो दर) ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, प्रत्येक मापाला २४ बिट, फाइल वेव्ह. स्टिरिओचा एक तास ४८ वर सुमारे १.०४ गिगाबाइट, ९६ वर त्याच्या दुप्पट होतो. साध्या वेव्ह फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा आहे, म्हणून ९६ वर दोन तासांची अखंड फाइल करू नका. बाजू तशी फाइल, हा हिशेब बरा. कॅसेटमधल्या बोलण्यासाठी मला ४८ पुरेसं वाटतं.

ही मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि साफसफाई प्रतीवर करा. नॉइज रिडक्शन ६ ते १० डेसिबलपुरतंच लावा. फितीची नुसती सूं असलेला एक-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्या, ज्यात श्वासही नसेल. मागचा आवाज पाण्यातून आल्यासारखा किणकिणू लागला की जास्त झालं. ऐकायला वाटायची प्रत एमपी३ चालेल. जागा वाचवून जपायची असेल तर फ्लॅक, कारण त्यातून मूळ आकडे तसेच्या तसे परत मिळतात.

फाइलशेजारी एक साधी मजकुराची नोंद ठेवा: कॅसेटवरचा मजकूर आणि बाजू, फितीचा प्रकार, कोणता डेक, डॉल्बी चालू की बंद, अ‍ॅझिमथ फितीप्रमाणे लावला की नाही, वेग बदलला असेल तर किती, सॅम्पल रेट आणि बिट. डॉल्बी बंद ठेवून उतरवलेली फाइल पुढे कुणाला सॉफ्टवेअरमधून उलगडायची असेल, तर त्याला सर्वांत आधी हीच माहिती लागेल.